बारनिशीची नवी वही

मोडी कागदांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना एक अडचण चांगलीच परिचयाची असते. पत्र हातात असते, अक्षर लागते, मायना कळतो, मजकूर उलगडतो. पण पत्र कोणत्या सालचे, हे कळत नाही. कोपऱ्यात ‘छ’ हे अक्षर आणि पुढे मुसलमानी महिन्याची चांद्र तारीख, एवढेच असते. लिहिणाऱ्याला आणि ज्याला पत्र जायचे त्याला चालू साल ठाऊकच होते; ते कशाला लिहायचे? साल दिलेले असले तरी ते पुष्कळदा शुहूर सनात, अरबी संख्याशब्दांत, आणि त्या सनाचे वर्ष मृगापासून सुरू होणारे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचा. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून आपल्याकडच्या संशोधकांच्या आयुष्याचा मोठा वाटा अशा तारखा लावण्यात गेला आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही, संगणकाचाही नाही. दोन्ही विषय नोकरी सांभाळून, पुस्तकांवरून आणि जाणकारांना विचारून विचारून शिकलो. घराण्यांच्या रुमालांतले कागद वाचायचे, त्यांची छायाचित्रे घ्यायची, याद्या करायच्या, हे माझे काम. हे करताना एक प्रश्न पाठ सोडत नाही. एखाद्या तारखेवर आपण विश्वास ठेवतो, तो नेमका कशाच्या जोरावर? मोर्तबापासून आजच्या संगणकी कालमुद्रेपर्यंत या प्रश्नाचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

शिवजन्माच्या तिथीचा वाद आठवावा. शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी बखरींमुळे रूढ होती. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रकाशात आणली आणि तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया निघाली. शकावली म्हणजे घटनांची सालवार टिपणे. तिच्यावर राजमुद्रा नाही की मोर्तब नाही. तरी अभ्यासकांचा कल हळूहळू तिच्याकडे झुकला. तिच्यातल्या इतर नोंदी स्वतंत्र साधनांशी ताडून पाहता आल्या आणि त्यांतल्या पुष्कळ जुळल्या. परमानंदाच्या ‘शिवभारता’त तीच तिथी मिळाली. राजस्थानातल्या एका कुंडलीसंग्रहातही तीच निघाली. म्हणजे त्या एका ओळीला आधार मिळाला तो शेजारच्या ओळींचा आणि दूरच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या साक्षीदारांचा.

असा आधार आपोआप मिळेल म्हणून वाट न बघता तो मुद्दाम निर्माण करण्याची सोय मराठी राज्यकारभारात होती. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरचे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब अनेकांना पाठ असेल. मर्यादा म्हणजे सीमा. मजकूर इथे संपला; याखाली कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. याशिवाय ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ अशा खुणा कागदांवर आढळतात. कागद दफ्तराच्या वाटेने रीतसर पुढे गेला, हे त्या सांगतात. नोंदणीच्या या कामाला बारनिशी म्हणत. शब्द जुना असला तरी मेलेला नाही. आपल्या सरकारी कचेऱ्यांत आजही आवक-जावक बारनिशी असते, आणि बारनिशी क्रमांक पडल्याशिवाय अर्ज ‘आला’ असे कोणी धरत नाही.

बारनिशीची ताकद कारकुनाच्या घड्याळात नसते. ती वहीच्या बांधणीत असते. पाने शिवलेली, क्रमांक टाकलेले, एका ओळीखाली लगेच दुसरी ओळ. १२ तारखेचा अर्ज ३ तारखेला आला असे दाखवायचे, तर ३ तारखेच्या दोन ओळींच्या मध्ये जागा लागते आणि तिथे जागा नसते. मुद्रांक विक्रेत्याच्या वहीचेही तसेच. मागल्या तारखेचा स्टॅम्प पेपर मिळवून देणाऱ्यांच्या गोष्टी तालुक्याच्या गावी अधूनमधून ऐकू येतात. त्या नीट ऐकल्या तर प्रत्येक गोष्ट शेवटी वहीत कोणीतरी मोकळ्या सोडलेल्या ओळीपाशी जाऊन थांबते.

दफ्तरांना जी गरज होती तीच त्याच काळात युरोपातल्या शास्त्रज्ञांनाही जाणवत होती, मात्र वेगळ्या कारणाने. शोध आपण आधी लावला हे सिद्ध करायचे, पण खात्री होईपर्यंत तो जाहीर करायचा नाही. १६१० साली गॅलिलिओने शनीविषयीचे आपले निरीक्षण एका लॅटिन वाक्यात मांडले, त्या वाक्याची ३७ अक्षरे विस्कटली आणि ती अक्षरे मित्रांना पाठवली. ती केप्लरच्या हाती पडली. त्याने ती जुळवून ‘मंगळाला दोन चंद्र आहेत’ अशा अर्थाचे वाक्य काढले. प्रत्यक्षात गॅलिलिओला, शनी हा तीन गोलांचा मिळून दिसतो, असे म्हणायचे होते. हायगेन्सने शनीच्या कड्याचा शोध १६५६ मध्ये असाच अक्षरांत लपवला आणि १६५९ मध्ये उघड केला. महाराजांची कर्नाटकाची मोहीम आणि रॉबर्ट हूकचा स्प्रिंगचा नियम एकाच सुमाराचे. हूकने तो १६७६ मध्ये १४ अक्षरांत कोंडला आणि १६७८ मध्ये सोडवून दाखवला: जसा ताण, तसे बल.

या युक्तीत कल्पना फार सुंदर आहे. मजकूर न दाखवता मजकुराशी बांधलेली खूण आधीच लोकांच्या हाती द्यायची. पण खूण कच्ची. तीच अक्षरे दोन अर्थ देऊ शकतात, हे केप्लरने नकळत दाखवून दिले. शोध चुकलाच, तर त्याच अक्षरांतून सोयीचे दुसरे वाक्य काढायलाही वाव राहतो.

दुसरा मार्ग मोहोरबंद पाकिटाचा. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत अशी पाकिटे ठेवून घेण्याची प्रथा अठराव्या शतकापासून आहे. साहित्याच्या वाचकांना त्यातले एक पाकीट विशेष जवळचे वाटेल. ‘बर्लिन अलेक्झांडरप्लाट्झ’ या कादंबरीचे लेखक आल्फ्रेड डब्लिन यांचा मुलगा वोल्फगांग हा गणिती होता. ज्यू कुटुंब हिटलरच्या राजवटीतून निसटून फ्रान्समध्ये आले होते आणि तो फ्रेंच सैन्यात दाखल झाला होता. फेब्रुवारी १९४०मध्ये त्याने लॉरेनच्या आघाडीवरून संभाव्यताशास्त्रावरचे आपले लेखन मोहोरबंद करून अकादमीकडे पाठवले. २१ जून १९४० रोजी, जर्मन सैन्य जवळ येऊन ठेपल्यावर, त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. पाकीट उघडले गेले मे २०००मध्ये. पुढे जपानच्या कियोशी इतो यांच्या नावाने जगभर वापरल्या गेलेल्या गणिताच्या अगदी जवळचे निष्कर्ष त्यात होते. साठ वर्षे अकादमीने ते जपले म्हणून एका तरुणाचे काम त्याच्या नावावर लागले. अकादमी जळली असती, तर? किंवा एखाद्या कारकुनाने नोंदीत फेरफार केला असता, तर? साक्षीदार एकच, आणि सगळी भिस्त त्याच्यावर.

हाच प्रश्न १९९० साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेलकोर या प्रयोगशाळेत स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी हाती घेतला. त्या काळात तिकडे एका जीवशास्त्रीय शोधनिबंधामागच्या प्रयोगवहीवरून मोठे वादळ उठले होते. वहीतली शाई आणि कागद तपासायला थेट सीक्रेट सर्व्हिसला बोलावले गेले. संबंधित संशोधिका पुढे १९९६ मध्ये आरोपांतून मुक्त झाल्या. कागदाच्या वहीची ही गत, तर संगणकातल्या फाइलचे काय? तिथे शाई नाही, कागद पिवळा पडत नाही, खाडाखोड दिसत नाही. फाइलवर दिसणारी तारीख तर कोणीही बदलू शकतो.

त्यांचा पहिला उपाय म्हणजे ‘हॅश’. मराठीत त्याला मी ठसा म्हणतो. फाइल एका ओळीची असो वा हजार पानांची, तिच्यावर ठरावीक गणित चालवले की ठरावीक लांबीचा ठसा मिळतो. आज रूढ असलेल्या ‘शा-२५६’ या पद्धतीत तो अंक व अक्षरे मिळून ६४ चिन्हांचा असतो. फाइलमधला एक स्वल्पविराम हलवला तरी ठसा पार बदलतो. ठशावरून मजकूर परत काढता येत नाही, आणि तोच ठसा देणारी दुसरी फाइल तयार करणे व्यवहारात अशक्य. गॅलिलिओला जे हवे होते ते हेच. झाकलेली, पण दुसरा अर्थ न लावता येणारी खूण.

दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा. ठशावर तारीख घालून देणारी संस्थाच लबाडी करू लागली, तर? हेबर आणि स्टॉर्नेटा यांनी प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफला. एखादी नोंद मागाहून मधे घालायची, तर तिच्यानंतरच्या सगळ्या नोंदी बदलाव्या लागतात आणि त्या तोवर इतर लोकांच्या हाती पोहोचलेल्या असतात. ही बांधलेली बारनिशीच झाली. शिवण दोऱ्याची होती ती गणिताची झाली, एवढेच. या कल्पनेवर त्यांनी १९९४ मध्ये शुअरटी ही कंपनी काढली. १९९५ पासून कंपनी सगळ्या नोंदींचा एकत्रित ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत, हरवले-सापडलेच्या रांगेत छापू लागली. आता लबाडी करायची, तर घराघरांतले आणि ग्रंथालयांतले जुने अंक गोळा करून जाळावे लागतील. बिटकॉइनची मांडणी करणारा २००८चा निबंध पुष्कळांना नावाने माहीत असतो. त्यातल्या आठ संदर्भांपैकी तीन या दोघांच्या निबंधांचे आहेत.

आता सहीकडे वळू. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि डिजिटल स्वाक्षरीला कायद्याची मान्यता मिळाली. आज सातबाराही डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो. सही करणाऱ्याजवळ एक गुप्त किल्ली असते. तिने केलेली सही जुळणाऱ्या जाहीर किल्लीने कोणालाही तपासता येते. त्यातून दोन गोष्टी कळतात: सही कोणाच्या किल्लीने झाली, आणि नंतर मजकूर बदलला का. सही केव्हा झाली, हे मात्र त्यातून कळत नाही. सहीशेजारी दिसणारी वेळ बहुधा सही करणाऱ्याच्याच संगणकाची असते, आणि संगणकाचे घड्याळ मागे घ्यायला अर्धे मिनिट पुरते. आपल्याकडे सहीचे प्रमाणपत्र साधारणपणे एक ते तीन वर्षांचे मिळते. ते संपल्यावर, किंवा किल्ली चोरीला गेल्यावर, ही सही आधीची की नंतरची, हे कशावरून ठरवायचे?

यासाठी तिसरा माणूस लागतो. ऑगस्ट २००१मध्ये ‘आरएफसी ३१६१’ या नावाने त्याची जगन्मान्य रीत ठरली. आपण फाइल पाठवायची नाही, फक्त तिचा ठसा पाठवायचा. कालमुद्रा देणारी संस्था त्या ठशाला आपल्या घड्याळाची वेळ जोडते, दोन्हींवर स्वतःची सही करते आणि काही किलोबाइटची एक छोटी फाइल परत पाठवते. तीच कालमुद्रा. आपल्या कागदात काय आहे, हे त्या संस्थेला कधीच कळत नाही. सहीवरच कालमुद्रा घेतली, की ‘प्रमाणपत्र चालू असताना सही झाली’ हे पुढेही दाखवता येते. मात्र या रीतीत हेबर-स्टॉर्नेटांची साखळी सक्तीची नाही. संस्था प्रामाणिक आहे, हे इथे धरूनच चालावे लागते.

हे काम हाताने एकेका फाइलला करणे म्हणजे शिक्षाच. म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेल्या आज्ञा. माझी स्क्रिप्ट तीसेक ओळींची आहे. ओपनएसएसएल या मोफत साधनात २०१० सालच्या आवृत्तीपासून कालमुद्रेची सोय आहे. तेच मी वापरतो. स्क्रिप्ट दिवसभरात काढलेल्या प्रत्येक छायाचित्राचा ठसा काढते आणि फाइलच्या नावासह एका यादीत लिहिते. आदल्या यादीचा ठसा नव्या यादीच्या पहिल्या ओळीत घालते. यादीवर माझी डिजिटल स्वाक्षरी करते. स्वाक्षरीचा ठसा काढून कालमुद्रेची मागणी तयार करते. जुनेच उत्तर कोणी पुन्हा माथी मारू नये म्हणून त्या मागणीत दर वेळी एक नवा यादृच्छिक आकडा असतो. मागणी एकाऐवजी दोन वेगळ्या देशांतल्या संस्थांना जाते. उत्तरे आली की त्यांच्या सह्या तपासून पाहते आणि सगळे जुळले तरच ‘ठीक’ असे लिहून थांबते. शंभर पानांचा रुमाल असला तरी यादी एकच, म्हणून कालमुद्राही दोनच लागतात. आदल्या यादीचा ठसा गुंफण्याची ओळ मी बारनिशीवरून घातली. दोन्ही संस्था उद्या बंद पडल्या तरी याद्यांचा क्रम टिकावा, हा हेतू.

एवढा खटाटोप कशासाठी, ते एका प्रसंगावरून सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका घराण्यात देवस्थानच्या इनामासंबंधीचे एक पान होते. २०१९ मध्ये मी त्या रुमालाची छायाचित्रे घेतली आणि त्याच रात्री कालमुद्राही घेतल्या. पुढे भाऊबंदांत तंटा लागला आणि ते पान रुमालातून नाहीसे झाले. उरले फक्त छायाचित्र. घरातले वडीलधारे एके दिवशी मला सर्वांसमोर म्हणाले, “भाऊसाहेब, राग मानू नका, पण हे पान तुम्ही परवा कॉम्प्युटरवर तयार केलं नाही, कशावरून?” प्रश्न रास्त होता. मी लॅपटॉप उघडला, त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातवालाच आज्ञा टाइप करायला लावल्या, आणि ते छायाचित्र तंटा लागण्याच्या तीन वर्षे आधी, याच रूपात, एका अक्षराचा फरक न होता अस्तित्वात होते, हे त्याने स्वतःच्या हाताने पडताळून पाहिले. आजोबा म्हणाले, “मग पान होतं म्हणायचं.” त्यानंतर वाद मिटला नाही, पण तो पानाच्या मजकुरावर आणि अर्थावर आला, जिथे तो असायला हवा होता.

यातच कालमुद्रेची मर्यादाही दिसते. ती फक्त एवढेच सांगते, की ही फाइल अमुक वेळेच्या नंतर तयार झालेली नाही. मूळ पान अस्सल की बनावट, हे तिला ठाऊक नसते. खोट्या सनदेचे छायाचित्र काढून कालमुद्रा घेतली, तर सनद खोटीच राहते. तिथे कागद, शाई, अक्षराचे वळण, मायना आणि शेजारचे कागद हेच बोलणार. संशोधकाची सुट्टी होत नाही.

शिवाय कालमुद्राही म्हातारी होते. एमडी-५ ही ठशाची जुनी पद्धत २००४ मध्ये मोडली. फेब्रुवारी २०१७मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या संशोधकांनी गूगलच्या साथीने शा-१ या पद्धतीत एकच ठसा देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली करून दाखवल्या. शा-२५६वरही कधी ना कधी ती वेळ येईल. उपाय जुनाच आहे. जीर्ण पोथी फाटण्याआधी नक्कल करतात, तशी जुनी पद्धत मोडण्याआधी फाइल आणि जुनी कालमुद्रा मिळून नव्या पद्धतीने नवी कालमुद्रा घ्यायची. म्हणजे हे पिढ्यान्‌पिढ्या चालवायचे काम आहे; एकदा करून विसरण्याचे नाही.

कायदाही याच दिशेने आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात ठसा लिहायला जागाच ठेवली आहे. तीस वर्षे जुना दस्त योग्य ताब्यातून आला, तर न्यायालय त्याची सही खरी धरू शकते. इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी ही मुदत पाच वर्षांची आहे. ती पाच वर्षे कधीपासून मोजायची, हे दाखवायला तारखेचा भक्कम साक्षीदार हवा.

मला अधिक काळजी आहे ती न्यायालयाबाहेरची. पिवळ्या कागदावर मोडीसारख्या अक्षरात लिहिलेल्या पत्राचे चित्र आज संगणक मागाल तसे काढून देतो. अजून त्यातल्या चुका जाणकाराला दिसतात. काही वर्षांनी त्याही दिसेनाशा झाल्या, तर कोणत्याही जुन्या कागदाचे छायाचित्र, मग ते अस्सल का असेना, ‘हे बनवलेले असेल’ या एका वाक्याने उडवून लावता येईल. ज्या कागदांची मुळे वाळवीने, पुराने किंवा भाऊबंदकीने गेली, त्यांना बचावच उरणार नाही. अशा वेळी, ही साधने इतकी तरबेज होण्याआधीच हे छायाचित्र अस्तित्वात होते, असे दाखवता येणे फार मोलाचे ठरेल. आणि मागच्या तारखेची कालमुद्रा प्रामाणिक संस्था देत नाही. जे आज घेतले नाही, ते पुढे कितीही पैसे मोजून मिळणार नाही.

म्हणून एक सूचना. १९०९च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेला दिवाळी अंक हा आपला गावोगावी विखुरलेला साक्षीदार आहे. तो वाचनालयांच्या कपाटांत राहतो, घरोघरच्या माळ्यांवर राहतो, रद्दीवाल्याकडून पुन्हा संग्राहकाकडे जातो. वर्षभरात ज्या ज्या अभ्यासकांनी आणि संस्थांनी कागदपत्रांची छायाचित्रे घेतली असतील, त्यांनी आपापल्या यादीचा ठसा एकत्र करावा. त्या सगळ्यांचा मिळून एकच ठसा काढावा. आणि दिवाळी अंकाने ती ६४ चिन्हांची ओळ शेवटच्या पानावर, जाहिरातींखाली का होईना, छापावी. जागा एका ओळीची लागेल. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हरवले-सापडलेच्या रांगेत जे छापले ते आपल्याला सहज जमण्यासारखे आहे.

तोवर ज्यांच्या घरी रुमाल आहेत त्यांच्यासाठी क्रम सोपा आहे. कागद कोणाला वाचायला देण्याआधी, झटकून ऊन दाखवण्याआधी, वाटणीची बोलणी सुरू होण्याआधी, प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, मोर्तब आणि कडा पूर्ण दिसतील असे. यादी करावी. घरातल्या संगणक येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बसवून यादीवर दोन कालमुद्रा घ्याव्यात. छायाचित्रे, यादी आणि कालमुद्रा यांच्या प्रती गावाबाहेरच्या दोन नातेवाइकांकडे ठेवाव्यात, शक्यतो एकमेकांशी फारसे न पटणाऱ्या.